वर्तनाचे मोजमाप आणि मुलाची बाजू

समजा, चौथीचा वर्ग आहे. गणिताची वही बाहेर काढायला सांगितली की मागच्या बाकावरचा एक मुलगा डोके बाकावर आपटू लागतो. तो फारसा बोलत नाही. इतर मुले गलका करतात, बाई घाबरतात. मुलाला इजा होऊ नये म्हणून बाई त्याला उठवून व्हरांड्यात नेऊन बसवतात. तिथे तो शांत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गणिताचा तास, पुन्हा तेच. महिन्याभराने पाहावे तर डोके आपटणे कमी होण्याऐवजी वाढलेले असते. बाईंनी काही चुकीचे केले असे कोणी म्हणणार नाही. कोणत्याही समंजस माणसाने तेच केले असते. मग असे का व्हावे?

या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधणे हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना ‘वर्तन विश्लेषक’ म्हणतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा अन्य अपंगत्व असलेल्या मुलांबरोबर आणि प्रौढांबरोबर ते काम करतात. त्यांचे शास्त्र मुख्यतः अमेरिकेत वाढले आणि त्याला ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ असे नाव आहे. आपल्याकडे ते ‘बिहेवियर थेरपी’ या नावाने शिक्षकांच्या आणि पालकांच्या कानावर येते.

या शास्त्राविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका बाजूचे लोक म्हणतात, अपंग मुलांसाठी सिद्ध झालेला हा एकमेव मार्ग आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, हे तर सर्कशीतल्या प्राण्यांना शिकवण्यासारखे आहे. दोन्ही बाजू मूळ संशोधनापर्यंत क्वचितच जातात. मी या व्यवसायातला नाही, पण प्रयोगाची मांडणी तपासणे हे माझे रोजचे काम आहे. त्या नजरेने या क्षेत्रातले तीन गाजलेले शोधनिबंध इथे वाचू या. त्यांत काय भक्कम आहे, काय कच्चे आहे, आणि कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही, हे पाहू या.

परिणामातून घडणारे वर्तन

आधी थोडी उजळणी. बी. एफ. स्किनर यांचे ‘सजीवांचे वर्तन’ या विषयावरचे पुस्तक १९३८ साली प्रसिद्ध झाले. पेटीतला उंदीर कळ दाबतो, अन्नाची गोळी पडते, आणि कळ दाबणे वाढते. वर्तनाच्या मागोमाग जे घडते त्यावर ते वर्तन पुन्हा होणार की नाही हे ठरते, हा त्याचा गाभा. ज्या परिणामामुळे वर्तन वाढते त्याला ‘प्रबलन’ म्हणतात.

उंदरांवरचे हे तत्त्व माणसांच्या कामी येईल का? १९४९ साली पॉल फुलर यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा वर्षांचा एक तरुण एका संस्थेत पाठीवर पडून असे. त्याला स्वतःहून कूसही बदलता येत नसे. याला काही शिकवणे शक्य नाही, असे उपचार करणाऱ्यांचे मत होते. फुलर यांनी त्याचा उजवा हात जरा हलला की त्याच्या तोंडात कोमट गोड दुधाची छोटी मात्रा सोडायला सुरुवात केली. थोड्याच बैठकांत तो हात नियमाने वर उचलू लागला. एवढेच. पण या ‘एवढेच’चे मोल मोठे आहे. अठरा वर्षे ज्याला ‘शिकू शकत नाही’ असे म्हटले गेले, त्याला तोवर कोणी योग्य रीतीने शिकवून पाहिलेलेच नव्हते. अपंग व्यक्तींच्या बाबतीत वर्तन विश्लेषणाने केलेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. अपयशाचे खापर मुलावर फोडण्याआधी शिकवण्याची पद्धत तपासा, असा आग्रह त्याने धरला.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून हमखास दिसतो. ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा नव्हे. काहीतरी मिळाल्यामुळे वर्तन वाढले तर ते धन प्रबलन. काहीतरी नकोसे टळल्यामुळे वर्तन वाढले तर ते ऋण प्रबलन. दोन्हींत वर्तन वाढतेच. शिक्षेने ते कमी होते. आता पुन्हा आपल्या वर्गाकडे वळू. डोके आपटले की गणित टळते. बाईंना वाटते आपण मुलाला वाचवले, पण मुलाच्या बाजूने पाहिले तर नकोशा गोष्टीतून सुटण्याचा एक खात्रीचा मार्ग त्याला सापडला आहे. बाईंच्या मायेनेच ते वर्तन पक्के केले.

हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. पण पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. मुलगा लक्ष वेधण्यासाठी डोके आपटत असेल तर? किंवा त्याचा कान दुखत असेल तर? खरे कारण कसे ओळखायचे?

पहिला निबंध : कारण शोधण्याची रीत

ब्रायन इवाटा आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा १९८२चा निबंध याच प्रश्नावर आहे. स्वतःला इजा करून घेणारी नऊ मुले त्यांच्यापुढे होती. तोपर्यंतची प्रथा अशी की वर्तन घातक दिसले की ते थांबवण्याचा उपाय शोधायचा. एकच वर्तन वेगवेगळ्या व्यक्तींत वेगवेगळ्या कारणांनी होत असेल, ही शक्यता तपासायची पद्धतच नव्हती.

इवाटा यांनी चार परिस्थिती तयार केल्या, प्रत्येक बैठक पंधरा मिनिटांची. पहिलीत प्रयोगकर्ता आपल्या कामात दंग राहतो. व्यक्तीने स्वतःला मारले की मात्र जवळ येऊन, खांद्याला हात लावून ‘असे करू नकोस’ म्हणतो. दुसरीत तो अभ्यासासारखे काम देतो, आणि व्यक्तीने स्वतःला मारले की तीस सेकंद पाठ फिरवतो. तिसरीत व्यक्ती खोलीत एकटी असते. चौथीत खेळणी असतात, काम नसते आणि माणसाचे लक्ष आपणहून मिळत राहते. ही चौथी परिस्थिती तुलनेसाठी. मग कोणत्या परिस्थितीत इजा करून घेणे वाढते ते मोजायचे. पहिलीत वाढले तर लक्ष मिळवण्यासाठी, दुसरीत वाढले तर काम टाळण्यासाठी, तिसरीत वाढले तर त्या क्रियेतूनच काही संवेदना मिळते म्हणून. नऊपैकी सहा जणांत ठराविक परिस्थितीशी स्पष्ट संबंध दिसला, आणि तो सर्वांत सारखा नव्हता.

प्रयोग म्हणून ही मांडणी सुंदर आहे. व्यक्ती तीच, वर्तन तेच, फक्त परिस्थिती बदलते. म्हणजे प्रत्येक व्यक्ती स्वतःच स्वतःची तुलना असते. १९९४ साली याच गटाने अशा १५२ जणांवरचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध केले. सुमारे ३८ टक्के जणांत काम किंवा नकोशी परिस्थिती टाळणे हे कारण निघाले. सुमारे २६ टक्के जणांत लक्ष किंवा हवी ती वस्तू मिळवणे, आणि जवळपास तितक्याच जणांत संवेदना. उरलेल्यांत कारणे मिश्र किंवा अस्पष्ट होती. शिक्षकांच्या खोलीत ‘तो फक्त लक्ष वेधून घ्यायला असे करतो’ हे वाक्य किती सहज म्हटले जाते ते आठवा. या आकड्यांनुसार ते चारांपैकी साधारण एकाला लागू पडते. त्या मुलाकडे दुर्लक्ष करावे, हा जो उपाय त्यापुढे सुचवला जातो, तो काम टाळू पाहणाऱ्या मुलाच्या बाबतीत निरुपयोगी ठरेल.

आता कच्चा भाग. कारण शोधण्यासाठी इजा होण्याची वाट पाहावी लागते, किंबहुना तिला थोडे आमंत्रण द्यावे लागते. इवाटा यांनी आधी वैद्यकीय तपासणी केली होती आणि इजा किती झाली की बैठक थांबवायची हेही ठरवले होते. तरीही ही रीत प्रशिक्षित माणसांच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर वापरण्याजोगी नाही. शाळेत तर नाहीच. शिवाय ‘काम टाळण्यासाठी’ हे उत्तर मिळाले तरी काम का टाळावेसे वाटते, हा प्रश्न उरतोच. ते काम फार अवघड आहे, निरर्थक आहे, की त्या दिवशी मुलाचा दात दुखतो आहे? पंधरा मिनिटांच्या बैठकीत त्याचे उत्तर मिळत नाही.

दुसरा निबंध : वर्तनाऐवजी शब्द

१९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढचे पाऊल टाकले. वर्गात त्रासदायक वागणाऱ्या चार अपंग मुलांचा त्यांनी अभ्यास केला. काही मुले काम अवघड असले की तसे वागत, काही मोठ्यांचे लक्ष कमी झाले की. संशोधकांनी त्यांना एकेक वाक्य शिकवले. ‘मला समजत नाही’ असे म्हटले की शिक्षक मदत करत. ‘मी चांगले काम करतोय का?’ असे विचारले की शिक्षक शाबासकी देत.

यातली खुबी नियंत्रणात आहे. प्रत्येक मुलाला दोन्ही प्रकारची वाक्ये शिकवून पाहिली. अवघड कामामुळे त्रासलेल्या मुलाला शाबासकी मागायला शिकवले, तेव्हा त्याच्या वागण्यात फरक पडला नाही. मदत मागायला शिकवले, तेव्हा त्रासदायक वर्तन खूपच कमी झाले. म्हणजे मुलाला बोलायला शिकवले, त्याच्याकडे जास्त लक्ष दिले, एवढ्यानेच सुधारणा झाली, असे म्हणता येत नाही. त्याच्या गरजेला नेमके बसणारे वाक्य मिळाले, म्हणून जुन्या वर्तनाची गरज उरली नाही. चारच मुले असूनही निष्कर्ष भक्कम वाटतो तो या मांडणीमुळे.

मला विचाराल तर या शास्त्राचा हा सर्वांत माणुसकीचा शोध आहे. डोके आपटणे, चावणे, वस्तू फेकणे या गोष्टींकडे ‘खोड’ म्हणून न पाहता ‘बोलणे’ म्हणून पाहता येते, हे इथे प्रयोगाने दाखवले गेले. न बोलणाऱ्या मुलासाठी वाक्याऐवजी चित्राचे कार्ड किंवा हाताची खूणही चालते.

तरी एक गोष्ट खटकते. मुलाच्या तोंडी कोणते वाक्य द्यायचे हे मोठ्यांनी ठरवले. ‘मला समजत नाही’ म्हटल्यावर मदत मिळते आणि काम पुढे चालू राहते. पण मुलाला ‘नको’ म्हणायचे असेल तर? पुढच्या काळात थोडी विश्रांती मागायला शिकवण्याचे प्रयोगही पुष्कळ झाले. पण मुलाचा नकार हा शिकवण्याजोगा आणि मानण्याजोगा शब्द आहे का, हा प्रश्न पहिल्यापासूनच मध्यभागी असायला हवा होता. तो का नव्हता, हे तिसऱ्या निबंधात कळते.

तिसरा निबंध : सत्तेचाळीस टक्के

इव्हार लोव्हास हे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा १९८७चा निबंध हा या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त. चार वर्षांखालच्या १९ स्वमग्न मुलांना त्यांनी आठवड्याला ४० तासांहून अधिक वेळ, दोन वा अधिक वर्षे, एकास एक पद्धतीने शिकवले. तुलनेच्या एका गटातील १९ मुलांना आठवड्याला १० तास किंवा कमी शिकवणी मिळाली. आणखी २१ मुलांचा दुसरा गट या प्रकल्पाबाहेरचा होता. निष्कर्ष असा : १९ पैकी ९ मुले, म्हणजे ४७ टक्के, सर्वसाधारण शाळेत पहिली उत्तीर्ण झाली आणि त्यांचा बुद्ध्यंक सर्वसाधारण पातळीवर आला. तुलनेच्या ४० मुलांपैकी असे एकच. १९९३च्या पाठपुराव्यात त्या नऊपैकी आठ मुलांची प्रगती टिकून असल्याचे सांगण्यात आले.

ज्या काळात स्वमग्न मुलांच्या पालकांना संस्थेत ठेवण्यावाचून दुसरा सल्ला क्वचितच मिळे, त्या काळात या आकड्याने केवढी आशा दिली असेल याची कल्पना करता येते. म्हणूनच तो जपून वाचायला हवा.

पहिला आक्षेप गटांच्या निवडीवर आहे. कोणते मूल कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. पुरेसे शिकवणारे उपलब्ध आहेत की नाहीत, त्यावरून ठरले. त्यामुळे गट सुरुवातीला सारखेच होते, अशी पूर्ण खात्री देता येत नाही. दुसरा आक्षेप मोजपट्टीवर. सर्वसाधारण वर्गात बसवणे हा निकाल मुलाइतकाच शाळेच्या आणि पालकांच्या निर्णयावरही अवलंबून असतो. तिसरा आक्षेप पद्धतीवर. या शिकवणीत मोठ्याने ‘नाही!’ ओरडणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे यांचाही वापर होता. प्रगती कशामुळे झाली? बक्षिसांमुळे, तासांमुळे, की भीतीमुळे?

शास्त्रात अशा वेळी प्रयोग पुन्हा करून पाहतात. २००० साली ट्रिस्ट्रम स्मिथ, ॲनेट ग्रोएन आणि जॅकलिन विन यांनी २८ मुलांचे दोन गट नशिबावर सोडून केले. स्मिथ हे लोव्हास यांचेच सहकारी होते. सघन शिकवणी मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढला. पण रोजच्या जीवनातल्या कौशल्यांत ठळक फरक दिसला नाही, आणि ४७ टक्क्यांची पुनरावृत्ती झाली नाही. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात अशा पाच अभ्यासांतील २१९ मुलांचा विचार केला गेला. त्यांपैकी गट नशिबावर सोडलेला अभ्यास एकच होता. बुद्ध्यंकात आणि दैनंदिन कौशल्यांत काही फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कमकुवत आहे, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे पद्धत निरुपयोगी नाही, पण ‘अर्धी मुले बरी होतात’ असे सांगून पालकांकडून आठवड्याचे चाळीस तास घेणे पुराव्याला धरून नाही.

हे झाले शास्त्रीय आक्षेप. माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. यश कशाला म्हणायचे, हे या निबंधात आधीच ठरलेले आहे. बरोबरीच्या मुलांत मिसळल्यावर मूल वेगळे ओळखू येऊ नये, हे ते यश. त्या नऊ मुलांना झोप लागत होती का, मित्र होते का, शिकवणीचे ते चाळीस तास त्यांना कसे वाटले, याची नोंद नाही. ध्येय ठरवताना मुलाची बाजू कोणी मांडली नाही.

आलेखात न दिसणारे

ध्येयच चुकीचे असेल तर उत्तम मोजमापही वाचवू शकत नाही. याचे एक कठोर उदाहरण याच शास्त्राच्या इतिहासात आहे. १९७४ साली जॉर्ज रेकर्स आणि लोव्हास यांनी एका लहान मुलाचे ‘मुलीसारखे’ वागणे कमी करण्यावर निबंध लिहिला. बक्षिसे, शिक्षा, नोंदी, आलेख, सगळे रीतसर होते. आलेखावरची रेषा हवी तशी खाली आली. तो निबंध या क्षेत्रातील प्रमुख नियतकालिकाने छापला. त्याच नियतकालिकाला २०२० साली त्या निबंधाबद्दल जाहीर चिंता व्यक्त करावी लागली. त्या मुलाला कोणताही आजार नव्हता. इतरांना ते वागणे नको होते, एवढेच.

विजेच्या धक्क्यांची गोष्ट याहून भयंकर. साठच्या दशकात स्वतःला इजा करणाऱ्या मुलांवर त्वचेला धक्का देण्याचे प्रयोग झाले आणि इजा खरोखर कमी झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका निवासी संस्थेत अपंग व्यक्तींच्या अंगावर बांधायचे धक्का देणारे उपकरण पुढे अनेक दशके वापरात राहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली त्यावर बंदी घातली. ठराविक वापरापुरती अशी बंदी घालण्याचा अधिकार प्रशासनाला नाही, असे म्हणत न्यायालयाने २०२१ साली ती उठवली. मग डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून तो अधिकार दिला. वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने धक्क्यांना स्पष्ट विरोध जाहीर केला तोही २०२२ साली. इतका उशीर का व्हावा? मोजण्याच्या चौकटीत धक्का ‘यशस्वी’ होता, हे एक कारण असावे असे मला वाटते. वर्तन कमी झाले. भीती, अविश्वास, रात्रीची दचकून येणारी जाग यांचा रकाना नोंदवहीत नव्हता.

तो रकाना आजही बहुधा रिकामाच असतो. स्वमग्न लहान मुलांसाठीच्या औषधाव्यतिरिक्त उपचारांवरील १५० संशोधन अहवालांची छाननी २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांत केवळ वर्तन विश्लेषण नव्हते, सर्व प्रकारचे उपचार होते. उपचारांचा काही अपाय झाला का, याचा उल्लेख फक्त ११ अहवालांत सापडला. औषधाच्या चाचणीत हे कोणी खपवून घेतले असते का?

आता स्वमग्न प्रौढ व्यक्ती स्वतः लिहू-बोलू लागल्या आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची तक्रार एका साध्या गोष्टीबद्दल आहे. हात फडफडवणे, डोलणे अशा क्रिया त्यांना गोंगाटात सावरायला मदत करतात. लहानपणी त्याच क्रिया ‘कमी करायचे वर्तन’ म्हणून नोंदल्या गेल्या आणि शांत हातांसाठी बक्षिसे दिली गेली. त्या क्रियांनी कोणाला इजा होत नव्हती. पाहणाऱ्याला फक्त विचित्र वाटत होते.

शास्त्रातूनच आलेले उत्तर

हे सारे बाहेरून केलेले आरोप आहेत असे समजू नये. माँट्रोज वुल्फ हे या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक. १९६८ साली सुरू झालेल्या त्याच प्रमुख नियतकालिकाचे ते पहिले संपादक. १९७८ साली त्यांनी ‘सामाजिक वैधता’ या कल्पनेवर निबंध लिहिला. त्यात तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. ठरवलेली ध्येये महत्त्वाची आहेत का? वापरलेली पद्धत स्वीकारण्याजोगी आहे का? मिळालेल्या परिणामांनी संबंधितांचे समाधान झाले का? काटेकोर मोजमापाचा आग्रह धरणाऱ्या शास्त्रज्ञाने माणसांना त्यांचे मत विचारा असे सांगणे, ही त्या वर्तुळात धाडसाची गोष्ट होती.

पण ‘संबंधित’ कोण? पालकांना विचारले जाते, शिक्षकांना विचारले जाते. अपंग व्यक्तीला विचारणे मागे पडते, कारण ती बोलत नाही. इथे कार आणि ड्युरँड यांच्या शोधाकडे परत यावे लागते. त्यांनीच दाखवले की ती बोलत असते, आपण ते ‘वर्तन’ म्हणून मोजतो. शिकवणी सुरू झाली की मूल रडत असेल, दाराकडे जात असेल, तर ते पद्धतीबद्दलचे त्याचे मत आहे. वर्तनाला अर्थ असतो हे ज्या शास्त्राने सिद्ध केले, त्यानेच स्वतःविरुद्धचे वर्तन मात्र निरर्थक समजावे, ही मोठी विसंगती आहे. चांगले वर्तन विश्लेषक आज हे ओळखतात आणि मुलाची संमती त्याच्या हालचालींतून वाचण्याचा प्रयत्न करतात. ज्या केंद्रात मुलाच्या रडण्याकडे दुर्लक्ष करण्याची सूचना दिली जाते, तिथे ही ओळख पोचलेली नाही असे समजावे.

आपल्या वर्गात

आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यांत स्वमग्नता आहे. समावेशक शिक्षण ही शाळांची जबाबदारी ठरली, आणि क्रूर वा अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण हा अपंग व्यक्तीचा हक्क. म्हणजे डोके आपटणारा तो मुलगा आपल्या वर्गात असणार आहे. वर्तन विश्लेषक मात्र बहुतेक शाळांत असणार नाही.

तरीही काही गोष्टी करता येतील. आधी डॉक्टर. कान, दात, पोट, झोप, फिट्स, चष्मा यांची तपासणी झाल्याशिवाय वागण्याचे कारण शोधू नये. त्यानंतर आठवडाभर एका वहीत तीन रकाने ठेवावेत : वर्तनाच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले, लगेच नंतर काय झाले. ‘हट्ट केला’, ‘त्रास दिला’ असे शब्द लिहू नयेत. जे दिसले तेच लिहावे. पाच-सहा दिवसांत काही धागा दिसू लागतो. त्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण अंदाज बांधता येतो.

धागा गणिताच्या तासाशी जुळला तर आधी गणिताकडे पाहावे. ते मुलाच्या पातळीचे आहे का? मग त्याला एक कार्ड द्यावे. त्यावर उघड्या तळव्याचे चित्र, अर्थ ‘थांबू या’. ते उचलले की दर वेळी, लगेच, दोन मिनिटे थांबावे. सुरुवातीला तो ते सारखे उचलेल. उचलू द्यावे. कार्डाला मान मिळतो याची खात्री पटल्याखेरीज तो डोके आपटणे सोडणार नाही. त्याचा विश्वास बसला की वाट पाहण्याचा वेळ हळूहळू वाढवता येतो. मूल स्वतःला जबर इजा करून घेत असेल तर मात्र हे प्रयोग वर्गात करू नयेत, तज्ज्ञांची मदत घ्यावी.

आणि काहीही कमी करायला घेण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहावी : हे वागणे थांबले तर मुलाचा काय फायदा? याचे उत्तर ‘वर्ग शांत राहील’ एवढेच येत असेल, तर बदलायची गोष्ट मुलाबाहेर आहे का, ते पाहावे. वहीत चौथा रकानाही आखावा. त्या दिवशी मूल हसले का, आपणहून कोणाजवळ गेले का, डबा खाल्ला का, याची नोंद त्यात करावी. तीन रकाने हे शास्त्र शिकवते. चौथ्यासाठी त्यात आजवर फार कमी जागा ठेवली गेली, आणि तो भरायला मुलाजवळ रोज असणाऱ्या शिक्षकाइतके योग्य कोणी नाही.